चिखल्या परत परत का येतात? मलम लावताना या चुका टाळा

पाटण-जावळीत भाताची चिखलणी, वाळवा-पलूसकडे रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी पाजणं. पाय तासन्‌तास ओले राहतात आणि करंगळीशेजारच्या बेचकीतली कातडी पांढरी पडून सोलवटते, खाजते. याच चिखल्या, आणि त्यामागे बहुतेकदा बुरशी असते.

सगळ्यात महाग पडणारी चूक मेडिकलच्या काउंटरवर होते: "खाजेवरची ट्यूब द्या." खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज बसते, म्हणून मलम भारी वाटतं. प्रत्यक्षात कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी निवांत पसरते. नुसतं १ टक्का टर्बिनाफाइन किंवा १ टक्का क्लोट्रिमाझोल मागा.

खाज थांबली की ट्यूब फडताळात जाते, हेही नेहमीचंच. क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, साधारण ४ आठवडे लावायचं. ते मुख्यतः बुरशीची वाढ रोखतं, त्यामुळे मध्येच सोडलं तर ती पुन्हा उठते. टर्बिनाफाइन बुरशी मारतं, म्हणून बेचक्यांसाठी बहुतेकदा १ आठवडा पुरतो.

ओल्या पायावर मलम लावू नका. प्रत्येक बेचकी सुती फडक्याने टिपा, दहा मिनिटं वारा लागू द्या. तेच फडकं जांघेला लावलं तर तिथे गजकर्ण उठू शकतं. म्हणून कपडे घालतानाही मोजे आधी, चड्डी नंतर. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ हाताच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते, बेचक्यांना त्याहून कमी लागतं. डागाच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत चोळून जिरवा. जाड थर दिला तर ओल कोंडते.

हळद सांगलीची असली तरी बेचकीत भरू नका. घामाने तिचा लगदा होतो आणि पिवळ्या रंगाखाली पू दिसत नाही.

गमबूट ओलेच घालाल तर मलम वाया. रात्री त्यात रद्दी कोंबा. जमल्यास दोन जोड आलटून-पालटून वापरा.

मधुमेह असेल, लाली वर चढत असेल, ताप किंवा घाण वासाचा स्राव असेल तर घरी प्रयोग नकोत. नखं जाड-पिवळी झाली असतील तर मलम सहसा आतपर्यंत पोचत नाही. ४ आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टर खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूबची खोकी सोबत न्या, रिकामी असली तरी.