चंब्याला जायचं तर कोल्हापुरी घरी ठेवा

हे मीच सांगावं म्हणजे कमाल आहे, कारण चप्पल लाईनमध्ये वीस वर्षं मी कोल्हापुरीच विकतोय. पण हिमाचलातल्या चंब्यात चामुंडा मंदिराच्या दगडी पायऱ्या ओल्या होत्या, पायात कातडी तळाची कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) होती, आणि चार पायऱ्या मी बसूनच उतरलो. रबरी तळाचे बूट घाला.

जायला दिल्लीच्या भानगडीत पडू नका. कोल्हापुरातनं एस्टीनं पुणं गाठा, संध्याकाळची झेलम एक्सप्रेस पकडा, तिसऱ्या दिवशी पठाणकोट कॅन्टला उतरा. स्लीपरचं तिकीट ६० दिवस आधी काढून ठेवा. स्टेशनवरून रिक्षानं बसस्टँड, तिथून हिमाचलची साधी सरकारी बस. चंबा सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे, पण घाटामुळं पाच तास धरा. उलटीची गोळी वाटेतल्या बनीखेतला पोचल्यावर नव्हे, बसायच्या आधी घ्यायची.

चौगान म्हणजे गावाच्या मधलं लांबलचक मैदान. खोली त्याच्या आसपासच्या गल्लीत बघा. आधी खोली, मग नळाला गरम पाणी येतंय का ते, आणि मगच भाव. माझ्याकडं नऊशे मागितले, फेब्रुवारीत गिऱ्हाईक नव्हतं, सहाशेत दिली. गाव जेमतेम हजार मीटर उंचीवर, महाबळेश्वराहूनही खाली, त्यामुळं थंडी सोसते. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात. जुलैअखेरची मिंजर जत्रा बघायचीच असेल तर दोन दिवस जादा हाताशी ठेवा.

गाव पायीच बघायचं. राजा साहिल वर्मानं दहाव्या शतकात ते वसवलं. लेक चंपावतीवरून नाव पडलं म्हणतात. लक्ष्मीनारायणाच्या आवारात सहा देवळं एका ओळीत उभी आहेत. अंबाबाईच्या दारात वाढलेल्याला शिखराचं काय कौतुक? मी बघत बसलो त्या शिखरांवरच्या लाकडी छत्र्या. बर्फ साचू नये म्हणून दगडी देवळाला छत्री!

१९०८ सालचं भूरीसिंह संग्रहालय सोमवारी बंद असतं. तिथं चंबा रुमाल बघायला तासभर ठेवाच. मलमलीवर रेशमाचं भरतकाम, दोन्ही बाजूंनी सारखंच. उलटी बाजू कुठली, गाठ कुठं मारली, मी शिवणीतला माणूस असून मला सापडली नाही.

मग बाजारात चंबा चप्पल. पट्ट्यावर रंगीत धाग्याची नक्षी, आमच्या कोल्हापुरीसारखाच जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन. मी सवयीनं उलटी करून तळ दाबून बघितला, तर दुकानदार हसला. "आप भी यही काम करते हो?" त्यानं चहा पाजला, पण भाव काही सोडला नाही. बरोबरच आहे, मीही नसता सोडला.

जेवायला राजमा मदरा घ्या, दह्यातला, सौम्य. आपल्या जिभेला तो फिका लागणार. मग चुख मागा. मिरची, गलगल लिंबाचा रस, मोहरीचं तेल. आपल्या ठेच्याला तोडीस तोड, आंबटपणात वरचढ.

खज्जियारच्या कुरणावर गर्दी फार, सकाळच्या बसनं जाऊन दुपारी परत या. त्यापेक्षा एक दिवस भरमौरला द्या, तिथल्या चौरासी देवळांच्या आवारातलं लक्षणादेवीच्या देवळाचं लाकडी दार बघा.

येताना चुखची बरणी आणाल, तर झाकणाखाली प्लॅस्टिक लावून वरून चिकटपट्टी मारा. माझी झेलममध्ये गळली, आणि दोन स्वेटरांना अजून मोहरीचा वास येतोय.