डायाफ्राम वॉल आणि माती यांच्यामधला इंटरफेस मॉडेलमध्ये कसा द्यावा

डायाफ्राम वॉल म्हणजे खोदकामाआधी जमिनीत ओतलेली काँक्रीटची भिंत. खोल खोदकामाच्या संगणकीय मॉडेलमध्ये या भिंतीचे आणि मातीचे नोड (गणिती जाळीचे बिंदू) थेट जोडले, तर माती भिंतीवरून घसरू शकत नाही आणि भिंतीमागची जमीन प्रत्यक्षापेक्षा कमी खचलेली दिसते. म्हणून दोन्हींच्या मध्ये इंटरफेस, म्हणजे घसरू देणारा सांधा, द्यावा. गुडमन, टेलर आणि ब्रेके यांनी 1968 मध्ये मांडलेला शून्य जाडीचा जॉइंट एलिमेंट हा त्याचा जुना आणि अजूनही उपयोगी नमुना आहे.

ताकद ठरवणे सोपे आहे. मातीचा घर्षणकोन 30 अंश आणि घटगुणक (सांध्याची ताकद मातीच्या किती पट धरायची तो आकडा) 0.67 धरल्यास 30 अंशांचा टॅन्जंट 0.577 गुणिले 0.67 म्हणजे 0.387, अर्थात इंटरफेसचा कोन सुमारे 21 अंश येतो.

खरी डोकेदुखी स्टिफनेसची, म्हणजे सांधा किती ताठ धरायचा याची, असते. मातीच्या बल्क मोड्यूलसमध्ये (आकारमान बदलायला होणारा विरोध) शिअर मोड्यूलसचे (आकार वाकडा व्हायला होणारा विरोध) चार तृतीयांश मिळवून, त्या बेरजेला लगतच्या सर्वांत लहान झोनच्या (जाळीतल्या चौकटीच्या) रुंदीने भागावे आणि उत्तराची दहापट घ्यावी, हा प्रचलित ठोकताळा आहे. यंग मोड्यूलस 30 मेगापास्कल आणि पॉयसन गुणोत्तर 0.25 असेल, तर बल्क 20 व शिअर 12, म्हणजे बेरीज 20 अधिक 16, अर्थात 36 मेगापास्कल, झोन 0.5 मीटरचा असल्यास नॉर्मल (सांध्याला काटकोनातली) स्टिफनेस 720 मेगापास्कल प्रति मीटर येते. ती फार कमी ठेवल्यास भिंत मातीत घुसलेली दिसते, तर अवास्तव वाढवल्यास गणित रेंगाळते किंवा ताण वरखाली हेलकावतात. सुरक्षित म्हणून मोठा आकडा टाकण्याची सवय त्यामुळे मला धोक्याची वाटते.

भिंतीच्या पायथ्याशी ताणाचे खोटे शिखर उभे राहू नये म्हणून इंटरफेस थोडा खाली वाढवावा, मात्र त्या वाढीव भागाला मातीची पूर्ण ताकद द्यावी.