चित्रपट मासिकाचे मुखपृष्ठ कसे करावे : नाव आणि चेहरा यांची सांगड

संगणकाच्या पडद्यावर मुखपृष्ठ कितीही देखणे दिसले, तरी त्याचा कस दादर किंवा चर्चगेट स्थानकाबाहेरच्या स्टॉलवर लागतो. तिथे अंक एकमेकांवर सरकवून मांडलेले असतात, त्यामुळे बहुतेकांची केवळ वरची पट्टी किंवा डावी कड दिसते, आणि गाडी गाठायला निघालेला माणूस न थांबता त्यांवरून नजर फिरवून पुढे जातो. म्हणून मासिकाचे नाव, चेहऱ्यावरचे डोळे आणि मुख्य ओळ पानाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात आणि शक्यतो डावीकडून सुरू होईल अशी आखून घ्यावी. खालचा भाग अंक हातात घेतल्यावरच पाहिला जातो.

छायाचित्र उभे, एकाच व्यक्तीचे आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहणारे निवडावे. निर्मिती संस्थेकडून आलेले आडवे प्रसिद्धिचित्र कापून वापरू नये.

यापुढचा टप्पा अवघड आहे आणि तो मलाही बराच काळ छळत होता : नाव आणि डोके एकाच जागेवर हक्क सांगतात. फिल्मफेअर (१९५२) किंवा स्टारडस्ट (१९७१) यांसारखी मुंबईतली इंग्रजी मासिके पाहून अनेकजण ताऱ्याचे डोके नावावर चढवतात आणि ‘खोली येते’ म्हणून तसाच सल्ला इतरांनाही देतात. देवनागरीसाठी हा सल्ला घातक आहे. रोमन अक्षरांची ओळख बरीचशी वरच्या अर्ध्या भागात असते, त्यामुळे खालचा भाग झाकला गेला तरी शब्द वाचता येतो. आपल्या अक्षरांना वर सारखीच शिरोरेषा असते आणि ओळख तिच्या खाली असते. डोके खालून वर येते आणि नेमका तोच भाग गिळते. ‘प’ आणि ‘ष’ किंवा ‘व’ आणि ‘ब’ यांतला फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा आहे. ती केसांमागे गेली, की वाचकापुढे दुसरेच अक्षर उभे राहते.

डोके न्यायचेच असेल तर ते काना किंवा अक्षराचा उभा दंड झाकेल इतकेच न्यावे, पहिल्या अक्षराला मुळीच हात लावू नये, आणि मासिक नवे असेल तर नाव संपूर्ण उघडे ठेवावे. नाव झाकण्याचा अधिकार वाचकाच्या डोळ्यांत ते पक्के बसल्यावरच मिळतो. शोभेसाठी सलग शिरोरेषा ओढण्याचा मोहही टाळावा, कारण ‘भ’ची आणि ‘ध’ची फट बुजली की त्यांचे ‘म’ आणि ‘घ’ होतात.

दुसरी अडचण केसांची. काळ्या केसांवर गडद निळे किंवा तपकिरी नाव बुडते आणि मग ते वाचवण्यासाठी केसांभोवती पांढरी झळाळी दिली जाते. ती कधीही देऊ नये. कात्रण चिकटवल्यासारखा चेहरा दिसतो. याचा उपाय छायाचित्रणाच्या दिवशीच करावा : छायाचित्रकाराला केसांमागून प्रकाश द्यायला आणि डोक्याच्या वर मोकळी जागा सोडायला सांगावे. बाबूराव पटेल यांनी १९३५ साली मुंबईत सुरू केलेल्या फिल्मइंडिया या चित्रपट मासिकाच्या रंगवलेल्या मुखपृष्ठांवर चित्रकार नावामागचा भाग हवा तसा फिका किंवा गडद करू शकत असे. छायाचित्रात ती सोय नंतर मिळत नाही.

नाव वरच्या कडेपासून किमान १० मिमी खाली असावे, नाहीतर कटिंगमध्ये वेलांटी आणि रफार उडतात.

ठळक ओळी चारपेक्षा जास्त नकोत, आणि त्यांतली एकच मोठी असावी. स्टारडस्टच्या पहिल्या अंकाने राजेश खन्ना यांच्या गुप्त लग्नाविषयी मुखपृष्ठावर थेट प्रश्न विचारला होता, आणि प्रश्नाची ओढ आजही तितकीच आहे. मात्र त्याचे उत्तर आतल्या पानांत नसेल तर तो विचारणे ही वाचकाची फसवणूक ठरते. दोन ओळींत भरपूर अंतर सोडावे, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकणार नाही.

छपाईसाठी रंग सीएमवायकेमध्ये (निळसर सायन, गुलाबी-लाल मॅजेंटा, पिवळा आणि काळा या छपाईच्या चार शायांत) बदलून चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये कापला जाणारा जादा भाग, ठेवावे. पडद्यावरचा चमकता गुलाबी आणि निळा कागदावर मंदावतो, त्यामुळे त्यांवर भिस्त ठेवू नये. त्वचा लालसर दिसत असेल तर मॅजेंटा थोडा उतरवावा आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, दिवसाच्या उजेडात पाहावे.

शेवटी प्रूफ खऱ्या आकारात छापून ते इतर मासिकांच्या ओळीत अर्धे झाकून ठेवावे आणि दहा-बारा पावलांवरून, अंक न पाहिलेल्या एखाद्याला नाव वाचायला सांगावे. तो अडखळला तर प्रथम डोके खाली सरकवावे, रंगांना नंतर हात लावावा.