विसरलेल्या पुस्तकाचा माग

पूर्वी वाचलेल्या पुस्तकाचे नाव आठवत नसेल, तर ते कोणत्या सुमारास वाचले हे आधी ठरवावे; कारण रत्नागिरीच्या १८२८ सालच्या नगर वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत दाखलनोंदवही पुस्तके आली त्या क्रमाने भरलेली असते आणि तीत लेखक, प्रकाशक, किंमत एका ओळीत सापडतात. मुखपृष्ठ निळे होते, एवढ्यावर ग्रंथपालांना भंडावू नये. प्रत हाती आली, पण कोकणच्या दमट हवेने शीर्षकपान गळाले असेल, तर आतल्या शिक्क्यातल्या दाखल क्रमांकावरून नोंदवहीतली ती ओळ काढावी. लेखकाचे आडनावच तेवढे मिळाले आणि पुस्तक १९५० पूर्वीचे असेल, तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ सवडीने चाळावी.