‘हिशेब’ शब्दाचे मूळ आणि अर्थ कसे शोधावेत

आधी वापर गोळा करा, कोश नंतर उघडा. क्रम उलटा झाला की कोशात छापलेलेच अर्थ दिसत राहतात. ‘महिन्याचा हिशेब लागला’ म्हणजे जमाखर्चाचा मेळ बसला. ‘तो कुणाला हिशेबात धरत नाही’ म्हणजे पर्वा करत नाही. ‘या हिशेबाने उशीरच होणार’ यात प्रमाण आहे, तर ‘जुना हिशेब चुकता केला’ यात बहुधा सूड. अशी दहा-बारा वाक्ये लिहून काढा.

मग रूपे मांडा: हिशेब, हिशोब, हिसाब. बाहेरून आलेल्या शब्दातला ‘स’ पुढे इ किंवा ए असला की मराठीत पुष्कळदा ‘श’ होतो. सिपाहीचा शिपाई झाला, सिक्क्याचा शिक्का. म्हणजे मूळ ‘स’कडे शोधायचे.

आता कोश. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश इंटरनेटवर मोफत पाहता येतात. एका रूपाखाली नोंद सापडली नाही तर दुसरे रूप शोधा. मूळ शब्द अरबी ‘हिसाब’. मराठीत तो फारसीच्या वाटेने, कारभाराच्या भाषेतून आला. त्याचे धातुवर्ण, म्हणजे अरबी शब्द ज्यांवर उभा राहतो ती मूळ व्यंजने, ह-स-ब; अर्थ मोजणे आणि मानणे. मोगल पत्रव्यवहारातल्या ‘हसबुल हुकूम’मधला ‘हसब’, म्हणजे ‘प्रमाणे’, याच धातूचा.

इथे घाई नडते. ‘पर्वा करणे’ हा अर्थ थेट अरबीतून आला, असा निष्कर्ष लगेच काढू नका. संस्कृत मुळाचे ‘गणणे’ घ्या: ‘तो कुणाला गणत नाही’. मोजण्यातून मानण्याकडे जाणारी वाट मराठीत स्वतंत्रपणेही आहे, त्यामुळे अर्थ जुळला एवढा पुरावा पुरत नाही. जुन्या कागदपत्रांत तो वापर कधीपासून दिसतो, ते तपासावे लागते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे आवाजावरून नाते जोडणे. ‘हिस्सा’ही अरबीच, आणि वाटणीच्या बोलण्यात हिशेबाला लागूनच येतो. पण त्याचे धातुवर्ण ह-स-स आहेत आणि त्यातला ‘स’ अरबीत वेगळ्या अक्षराने लिहितात. देवनागरीत हा फरक पुसला जातो, म्हणून अरबी किंवा फारसी लिपीतले लेखन पाहिल्याशिवाय नाते ठरवू नये.

शेवटी शेजारचे शब्द तपासा. जमा, खर्च, बाकी, वसूल हे सगळे अरबी मुळाचे आहेत. ‘हिशेबनीस’मधला ‘नीस’ मात्र फारसी, अर्थ लिहिणारा; चिटणीस आणि फडणीस यांतही तोच.