ट्रान्सफॉर्मर चालू करताच एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो?

कधी पडतो, कधी नाही, आणि पुन्हा वर केला की मशीन निमूट चालते. असं असेल तर बहुधा दोष शॉर्टचा नसून इनरशचा, म्हणजे चालू करतानाच्या क्षणिक उसळीचा. गाभ्यात उरलेल्या चुंबकत्वामुळे पहिल्या अर्ध्या सायकलला प्रवाह रेटिंगच्या 10-15 पट उसळतो. टोरॉइडलमध्ये (कड्यासारखा गोल गाभा असलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) त्याहूनही जास्त.

कृपा करून जास्त अँपिअरचा एमसीबी बसवू नका, वायर जळेल. अँपिअर तेच ठेवून सी ऐवजी डी कर्व्ह (किती पट प्रवाहाला तत्काळ पडायचं, तो प्रकार) घ्या: सी रेटिंगच्या 5 ते 10 पटीला तत्काळ पडतो, डी 10 ते 20 पटीला. मात्र आधी अर्थ लूप इम्पिडन्स (अर्थिंगच्या पूर्ण वाटेतला अडथळा) मोजा, म्हणजे दोष आला तर डी पडण्याइतका प्रवाह वाहील का ते कळेल. तरीही पडलाच तर प्रायमरीत (पुरवठ्याकडच्या वाइंडिंगला) एनटीसी लावा, म्हणजे थंड असताना प्रवाह अडवणारा आणि गरम झाला की सोडणारा रेझिस्टर. तो गरम असताना लगेच पुन्हा चालू केलं, तर मात्र उपयोग नाही.