छोट्या व्यवसायाच्या संकेतस्थळासाठी पैसे स्वीकारण्याची व्यवस्था कशी निवडावी

विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी छोट्या व्यवसायाचे संकेतस्थळ तयार होत असते. फोटो, भाव, पाकिटांची वजने असे सगळे ठरल्यावर ते बनवून देणारा मुलगा शेवटी विचारतो, "ताई, पेमेंट कोणतं लावू?" आणि बहुतेक वेळा त्याला उत्तर मिळते, "तुला जे बरं वाटते ते लाव." माझी कळकळीची विनंती आहे की हे उत्तर देऊ नये. रंग, अक्षरे, मांडणी त्याच्यावर खुशाल सोपवावी. पण ग्राहकाच्या खात्यातून निघालेला रुपया आपल्या पासबुकात कधी, किती आणि कोणत्या वाटेने येणार, हे व्यवसाय चालवणाऱ्यानेच ठरवले पाहिजे, कारण ती वाट अडली की फोन त्या मुलाला येत नाही, आपल्याला येतो.

वाटा मुळात तीन आहेत. बँकेकडून व्यापारी क्यूआर आणि यूपीआय आयडी घेऊन तो संकेतस्थळावर लावणे ही पहिली. ऑर्डर फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पक्की करून ग्राहकाला रकमेसह पेमेंट लिंक पाठवणे ही दुसरी. संकेतस्थळावरच पैसे भरण्याचे बटण देऊन त्यामागे यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग असे सगळे एकत्र जोडणे ही तिसरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर आपल्या आणि ग्राहकाच्या मध्ये एक कंपनी असते. बोलताना तिला सरसकट ‘गेटवे’ म्हटले जाते, पण रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत यातला भेद स्पष्ट केला आहे: फक्त तांत्रिक जोडणी पुरवते ती गेटवे, आणि ग्राहकाचे पैसे स्वतःकडे घेऊन नंतर व्यापाऱ्याला देते ती पेमेंट अ‍ॅग्रिगेटर. बँक नसलेल्या अ‍ॅग्रिगेटरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि व्यापाऱ्यांचे पैसे स्वतःच्या पैशांत न मिसळता एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठीच्या वेगळ्या बँक खात्यात, ठेवावे लागतात. आपली कमाई दोन-तीन दिवस तिच्या ताब्यात राहणार असल्याने पहिली तपासणी हीच करावी. रेझरपे, पेयू, कॅशफ्री, सीसीअ‍ॅव्हेन्यू, पुण्याची ईझबझ ही नावे कानावरून गेलेली असतात. तरीही कोणतेही नाव पक्के करण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची परवानगीधारकांची यादी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

यानंतर दरपत्रके उघडण्याची घाई न करता आपली जुनी वही उघडावी. मागच्या हंगामात माल कोणी नेला, तो कुठे गेला आणि पैसे कसे आले, हे त्या वहीत असते. समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद दळून पाकिटे भरणाऱ्या एका बचत गटाची अशी वही मी एका दुपारी घेऊन बसलो होतो. घरात रेंज फक्त खिडकीच्या फळीवर मिळते, म्हणून गटाचा फोन कायम तिथेच ठेवलेला. बायका पाकिटे सील करत होत्या आणि फोन वाजला की हळदीचे हात पदराला पुसत कोणीतरी उठत होती. वहीतल्या जवळपास सगळ्या नोंदींपुढे ‘फोनपे आले’ किंवा ‘गूगलपे आले’ असेच लिहिलेले होते. कार्डाने पैसे देऊ का, असे विचारणारे दोघेच, आणि तेही गावातल्याच घरांतली परदेशी असलेली मुले. या गटाला पहिल्या वर्षी सर्व सोयींच्या महागड्या जोडणीची काहीच गरज नव्हती, आणि ती गोष्ट वहीने अर्ध्या तासात सांगितली.

आता खर्चाचा हिशोब. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरच्या व्यवहारांना एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क, शून्य आहे. परंतु मधली कंपनी आपल्या सेवेचे म्हणून ‘प्लॅटफॉर्म फी’ वेगळी लावू शकते आणि काही कंपन्या ती यूपीआयवरही लावतात; तेव्हा "यूपीआय फुकट आहे का?" असे न विचारता "यूपीआयने ५०० रुपये आले तर माझ्या खात्यात किती जमा होतील?" असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. कार्ड व नेटबँकिंगसाठी सर्वसाधारण दर २ टक्क्यांच्या आसपास असतो, परदेशी कार्डांना त्याहून जास्त, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो (२,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारांना तो माफ आहे). म्हणजे नेटबँकिंगने आलेल्या ५०० रुपयांच्या ऑर्डरवर १० रुपये शुल्क, १ रुपया ८० पैसे कर, आणि हातात ४८८ रुपये २० पैसे. आकडा लहान दिसतो. पण त्या ५०० रुपयांत दळण, पाकीट, टपाल आणि मजुरी जाऊन आपला नफा ७५ रुपये असेल, तर हे ११ रुपये ८० पैसे त्या नफ्याचा जवळजवळ सहावा हिस्सा आहेत. जीएसटी नोंदणी नसेल तर शुल्कावरचा कर परतही मिळत नाही. टक्का विक्रीवर न मोजता नफ्यावर मोजावा, असे मी प्रत्येक गटाला सांगतो. वार्षिक शुल्क असेल तर तेही याच हिशोबात धरावे: महिन्याला १०,००० रुपयांची विक्री असलेल्याने वर्षाला १,२०० रुपये भरले, तर प्रत्येक ऑर्डरवर आणखी १ टक्का चढला.

नोंदणीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. कर लागणारा माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तूंना यात काही सवलत आहे. संकेतस्थळावर बटण लावले की ऑर्डर बंगळूरहूनही येऊ शकते, म्हणून हे बटण लावण्याआधीच आपल्या कर सल्लागाराशी बोलावे.

दरापेक्षाही आपल्याकडे जास्त महत्त्वाचा प्रश्न पैसे खात्यात कधी येतात हा आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बऱ्याच कंपन्या व्यवहारानंतर दोन कामकाजाच्या दिवसांनी पैसे जमा करतात. शुक्रवारी संध्याकाळी आलेली ऑर्डर मंगळवारपर्यंत कागदावरच राहू शकते. शहरातल्या दुकानाला हे चालून जाते. पण वरूड-मोर्शीकडे संत्र्याची तोडणी चालू असताना मजुरांचे पैसे त्याच दिवशी संध्याकाळी द्यावे लागतात, पेट्या आणि गाडीभाडे रोखीने लागते. त्याच दिवशी पैसे जमा करण्याची सोय जादा शुल्क घेऊन मिळते. हंगामातले तेवढेच दिवस ती वापरता येते का, हे विचारून ठेवावे. बँकेचा व्यापारी क्यूआर असेल तर हा काळ पुष्कळ कमी होतो, हा त्याचा मोठा फायदा आहे.

हंगामी धंद्याची आणखी एक अडचण आहे. वर्षभर महिन्याला वीस ऑर्डरी येणाऱ्या खात्यात एका आठवड्यात दोनशे आल्या, तर अशी अचानक वाढ संशयास्पद समजून कंपनी पैसे रोखून धरू शकते आणि कागदपत्रे मागू शकते. भिवापूरची मिरची, चिन्नोर तांदूळ, संत्रा, मोहफुलांचे पदार्थ, आपल्याकडचा बहुतेक माल असाच झुंडीने विकला जातो. अर्ज भरतानाच अपेक्षित उलाढाल सरासरीने न लिहिता हंगामातली लिहावी, आणि हंगाम सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी कंपनीला ईमेलने तसे कळवून ठेवावे.

कागदपत्रांबाबत मी थोडे सविस्तर लिहितो, कारण याच ठिकाणी माझ्याकडून चूक झाली. वर सांगितलेल्या गटाचा अर्ज मीच भरला होता. पॅन कार्डावर गटाचे नाव संक्षिप्त होते, बँकेच्या खात्यावर ‘स्वयंसहाय्यता महिला बचत गट’ असे संपूर्ण होते, आणि संकेतस्थळावर तिसरेच, हळदीच्या पाकिटावरचे नाव होते. कंपनीने अर्ज तीनदा परत पाठवला. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस गेले आणि दिवाळीच्या आधीची विक्री पुन्हा फोनवरच झाली. तेव्हापासून मी अर्ज भरण्याआधी पॅन, पासबुक, उद्यम नोंदणी आणि गुमास्ता हे चार कागद एका रांगेत ठेवून नावे अक्षराला अक्षर जुळवतो. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांकही लागतो. छोट्या वार्षिक उलाढालीला साधी नोंदणी पुरते. ज्यांचे खाते विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होते त्यांनी विशेष लक्ष द्यावे. १ मे २०२५ पासून ती बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, त्यामुळे जुन्या चेकबुकावरून आयएफएससी उतरवून न घेता शाखेत जाऊन सध्याचा क्रमांक खात्री करून घ्यावा. संकेतस्थळावर पत्ता, फोन क्रमांक, माल पोहोचवण्याच्या अटी, परताव्याचे धोरण आणि गोपनीयतेचे धोरण ही पाने नसतील तरी अर्ज अडतो. ही पाने मराठीत जरूर असावीत. तपासणारा माणूस मराठी वाचणारा असेलच असे नसल्याने सोबत इंग्रजी मजकूरही ठेवावा.

मग येतो तो फोन: "भाऊ, माझे पैसे कटले, पण ऑर्डर नाही झाली." रेंज मध्येच गेली की असे होते. ग्राहकाच्या बँकेतून पैसे निघालेले असतात, पण त्याचा फोन आपल्या पानावर परत येण्याआधीच जोडणी तुटते आणि संकेतस्थळाला काही कळतच नाही. यावर उपाय वेबहुकचा आहे: ग्राहकाचा फोन चालू असो वा नसो, कंपनीचा सर्व्हर आपल्या संकेतस्थळाला स्वतंत्रपणे पैसे मिळाल्याचा निरोप देतो. संकेतस्थळ बनवणाऱ्याला "वेबहुक लावला आहे का?" एवढे जरूर विचारावे, शहरात बसून चाचणी घेणाऱ्याला त्याची उणीव जाणवत नाही, आपल्याला दर आठवड्याला जाणवते. पैसे खरोखरच मध्ये अडकले असतील तर ग्राहकाला धीर द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे कापले जाऊनही दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत गेले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. ही माहिती चार ओळींत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवावी, म्हणजे घरातले कोणीही उत्तर देऊ शकेल. कंपनीची तक्रार घेणारा माणूस फोनवर मिळतो का, हेही खाते उघडण्याआधी फोन करून पाहावे. फक्त चॅटवर उत्तर देणाऱ्या कंपनीपेक्षा थोडा जास्त दर घेणारी, पण हिंदीत किंवा मराठीत बोलणारी कंपनी मी निवडेन.

परतावा देताना मूळ व्यवहाराचे शुल्क सहसा परत मिळत नाही. वाटेत नासणाऱ्या संत्र्यासाठी म्हणून परताव्याची अट नेमकी लिहावी: किती तासांत कळवायचे, पेटीचा फोटो हवा की नको. कार्डाने पैसे दिलेला ग्राहक थेट बँकेकडेही वाद नेऊ शकतो, आणि तेव्हा आपल्याकडे टपालाची पावती व पोहोच नसेल तर पैसे जातात. माल पोहोचल्यावर रोख देण्याची सोय नवे ग्राहक मागतात. मी ती फक्त जवळच्या जिल्ह्यांपुरती ठेवायला सांगतो, कारण परत आलेल्या पार्सलचा दोन्ही बाजूंचा खर्च आपल्या माथी येतो.

सुरक्षिततेत दोन गोष्टींवर तडजोड नको. ग्राहकाच्या कार्डाचे क्रमांक आपल्या संकेतस्थळावर साठवू नयेत; १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ते साठवण्याची मुभाच नाही, म्हणून पैसे भरण्याचे पान कंपनीचे असावे. आणि अ‍ॅग्रिगेटरच्या खात्याचा ईमेल, मोबाइल व पासवर्ड व्यवसाय चालवणाऱ्याच्याच हाती असावा, बनवणाऱ्या मुलाच्या नव्हे. क्यूआरवर धंदा करणाऱ्यांनी ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नये. तो बनावट असू शकतो. खात्यात जमा झालेली रक्कम आणि १२ अंकी संदर्भ क्रमांक जुळला तरच पाकीट टपालात टाकावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० वर फोन करावा.

महिन्याला पंचवीस-तीस ऑर्डरींपर्यंत बँकेचा क्यूआर आणि पेमेंट लिंक पुरेशी होते, असे माझे मत आहे. ऑर्डरी जुळवण्यात रोज तासभर जाऊ लागला, की पूर्ण जोडणीकडे वळावे. ती सुरू करण्याच्या आदल्या दिवशी गावातल्याच तीन वेगवेगळ्या फोनांवरून, रेंज कमी असते त्या जागी उभे राहून, १० रुपयांची ऑर्डर द्यावी. एकदा पैसे भरताना मुद्दाम डेटा बंद करून पाहावा. एका ऑर्डरीचा परतावा द्यावा. मग वहीत तारीख, भरलेली रक्कम, जमा झालेली रक्कम आणि जमा झाल्याची तारीख असे चार रकाने आखून त्या तीन ऑर्डरी पहिल्या ओळींत लिहाव्यात.